धकाते काकांची सही

धकाते काकांकडे मी पहिल्यांदा गेले ती भांडायला. प्रताप नगरात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. ते वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. रविवारी सकाळी मी पांढरी चादर मागच्या दोरीवर वाळत घातली आणि अर्ध्या तासानं पाहते तर तिच्यावर निळे थेंब. एकदोन नाही, चांगले सात-आठ. वर पाहिलं तर गॅलरीच्या नळीतून निळं पाणी ठिबकत होतं. माझा स्वभाव काही फार गोड नाही, हे माझ्या सासरची माणसं तुम्हाला आनंदानं सांगतील. चादर तशीच ओली गुंडाळली आणि जिना चढले.

दार काकांनीच उघडलं. सत्तरी ओलांडलेली, अंगानं सडपातळ, पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी चादरीचं टोक हातात घेतलं, दोन बोटांत चोळलं आणि उजेडाकडे धरलं.

"सूत चांगलं आहे," ते म्हणाले. "कुठून घेतली?"

"काका, मी भांडायले आली आहे."

"भांडजो ना. पह्यले चादर दे. डाग वाळला तं भांडणही वाढते."

ते चादर घेऊन न्हाणीघरात गेले आणि मला तिथंच उभं ठेवून स्वतः बादलीत धुवायला बसले. दहा मिनिटांनी पिळून आणली. एक ठिपका नव्हता. "ही शाई धुतली की जाते," ते म्हणाले. "जी जात नाही, ती मी घरात आणत नाही." मी पाठ करून आणलेलं सगळं भांडण तसंच तोंडात राहिलं.

तोवर काकूंनी चहा आणला. काकू भिवापूरच्या. त्या गावची मिरची नावाजलेली आहे आणि काकूंनी गावाचं नाव राखलं होतं. "पोराईले कधी आंघोळ नाही घातली यायनं," त्या मला म्हणाल्या, "पेनाईले दर रविवारी घालते." काकांनी ते ऐकलं नाही, किंवा चाळीस वर्षांच्या सरावानं ऐकून घेतलं.

टेबलावर एक दोनशेपानी वही उघडी होती. पानभर एकच गोष्ट लिहिलेली, ना. गो. धकाते, ना. गो. धकाते, ना. गो. धकाते, आणि प्रत्येकाखाली एक रेघ. मला वाटलं म्हाताऱ्याला काही झालंय. पण महिना नोव्हेंबरचा होता, आणि पेन्शन घेणाऱ्या माणसाला दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असं सही करून सांगावं लागतं. त्या आठवड्यात काका गेले होते. बँकेतल्या मॅडमनी नमुन्याची जुनी सही शेजारी ठेवली आणि हळू आवाजात म्हटलं, काका, जुळत नाही. दुसऱ्यांदा करायला लावली, ती पहिलीशीही जुळली नाही. हाताला कंप सुरू झाला होता. यंदा तोंड ओळखीचं आहे म्हणून घेते, मॅडम म्हणाल्या, पण पुढच्या वर्षी तीन सह्या सारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर अंगठा द्यावा लागेल.

"एक वर्ष आहे," काका म्हणाले. "सही वळणावर आणाची आहे."

"आणि नाही आली तर?"

"तं अंगठा," काकू म्हणाल्या. "अंगठ्यानं काही मरण येत नाही."

काकांनी वही मिटली आणि पेनाला टोपण लावलं. अंगठ्याचं त्यांना एवढं काय लागलं ते मला त्या दिवशी कळलं नाही. मी स्वच्छ चादर घेऊन खाली आले.

माझ्या ऑफिसनं मला वीस वर्षांच्या नोकरीबद्दल एक डबी दिली होती. तीत दोन पेनं, एक बॉलपेन आणि एक शाईचं. शाईचं मी कधी उघडलंच नव्हतं. पुढच्या रविवारी ते घेऊन वर गेले, शेजारधर्म म्हणून आणि थोडी चौकशी म्हणून. काकांनी ते फिरवून पाहिलं.

"सुरुवातीले ठीक आहे. निब लय बारीक नाही, लय जाड नाही. पह्यलं पेन भारी घेऊच नाही. माणूस भेते, अन् भेलेल्या माणसाचं अक्षर चांगलं येत नाही."

मी शिकवा असं म्हटलं नव्हतं. त्यांनी शिकवायला सुरुवात केली. पहिले आठ दिवस शाईच नाही. टोपण काढायचं, पेन धरायचं, टोपण लावायचं. बेचाळीस वर्षांची बाई, एका विमा कंपनीत माझ्या हाताखाली चार माणसं काम करतात, आणि मी संध्याकाळी टोपण काढून लावत बसायची. काकांचं म्हणणं एकच, "पेनाचं टोपण अन् माणसाचं तोंड, काम झालं की बंद." यातलं अर्धं माझ्यासाठी होतं असा मला आजही संशय आहे. माझं वाक्य पुरं झालं की पूर्णविरामाच्या जागी त्यांचं "टोपण लाव" यायचं.

मग शाई मिळाली, औषधाच्या रिकाम्या बाटलीत, तीच धुतली की जाणारी निळी. मी पहिलं पान लिहिलं. खरखर, कोरडं, मधेच शाई नाही. काका शेजारी बसून पाहत होते. पान संपल्यावर त्यांनी माझ्या हातातलं पेन बोटांनी अर्धं फिरवलं आणि म्हणाले, "आता लिह." निब उलटी होती.

"आधी काहून नाही सांगितलं?"

"तू लिहून राहिली होती ना."

दुसरी माझी खोड दाबण्याची. आयुष्यभर बॉलपेननं तीन-तीन प्रतींवर लिहिलेला हात. काकांनी पानामागे उमटलेलं अक्षर बोटानं चाचपलं. "कागदावर राग आहे का तुझा? दाबू नोको. त्याच्या वजनानं चालू दे त्याले. तू फक्त रस्ता दाखव." हे जमायला मला महिना लागला. सासूबाईंशी बोलताना वापरून पाहिलं, तिथं अजून जमलेलं नाही.

काकांची सारी नोकरी एका सरकारी कचेरीत झाली. आवक-जावकच्या टेबलावर चौतीस वर्षं. येणारा प्रत्येक कागद त्यांच्या हाताखालून जायचा आणि सहीवर त्यांची नजर आधी पडायची. एकदा त्यांच्या साहेबांचाच रजेचा अर्ज आला. साहेबांनी जीपमध्ये बसून घाईत सही केली होती. काकांनी अर्जावर शेरा मारला, सही नमुन्याशी जुळत नाही, आणि कागद परत पाठवला. साहेबांनी बोलावून घेतलं.

"धकाते, मी तुमच्या समोर बसलो आहे. सही मीच केली आहे."

"साहेब, तुम्ही आहे हे मले माहीत आहे," काका म्हणाले. "कागदाले माहीत नाही."

साहेबांनी पुन्हा सही केली. काकांनी हे मला सांगितलं ते भाजीचा भाव सांगावा तसं, फुशारकी नाही, काही नाही. काकू आतून म्हणाल्या, "म्हणूनच बढती भेटली नाही." काका म्हणाले, "हो, म्हणूनच."

फेब्रुवारीत मी घोडचूक केली. शाई संपली ऑफिसात, भर कामाच्या दिवशी. टेबलावर शिक्क्याच्या पॅडची जांभळी बाटली होती. मी म्हटलं, शाई ती शाई. भरली. दीड दिवस सुरेख चाललं, मी खूश. तिसऱ्या दिवशी पेन बंद. मी झटकलं, तर थेंब भिंतीवर, पण कागदावर काही नाही. रविवारी तोंड पाडून वर गेले. काकांनी पेन उघडलं, वास घेतला आणि खुर्चीवर बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, माझी उत्तरं तयार होती.

"शिक्क्याची आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी मला वडिलांची गोष्ट सांगितली. एकदाच सांगितली, परत कधी विषय काढला नाही.

वडील उमरेडला हातमागावर विणायचे. सूत सोसायटीकडून यायचं आणि दर वेळी कागदावर अंगठा द्यावा लागायचा, तोच जांभळा. एक दिवस सकाळी अंगठा देऊन आले. हात धुतले, पण ती शाई दोन दोन दिवस जात नाही. मागावर पांढरं लुगडं होतं, शेवटची वीतभर राहिली होती. ती विणायला बसले. हाताला घाम होता. लुगडं उतरवून उजेडात धरलं तर पदरावर अंगठा.

"इतका साफ," काका म्हणाले, "की बाबाचा आहे हे ओळखू ये. सोसायटीनं लुगडं परत केलं. मग मायनं नेसलं. मी लहानपणभर मायच्या पदरावर बाबाचा अंगठा पाह्यला. ते लुगडं परत आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबानं मले शाळेत टाकलं. म्हणाले, तू सही करजो."

"चुकलं माझं, काका," एवढंच म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं. माझ्या तोंडून हे शब्द सहसा निघत नाहीत. काकांनी पेन ठेवून घेतलं. पंधरा दिवस ते पाण्यात होतं आणि काका सकाळ-संध्याकाळ पाणी बदलत होते. तिसऱ्या रविवारी परत मिळालं, नव्यासारखं. मी हातात घेऊन बघत बसले तर म्हणाले, "टोपण लाव."

मे महिन्यात नागपुरात पेन उघडं ठेवून विचार करू नये. विचार संपायच्या आत निब वाळते. काकांची पेनं उन्हाळाभर माठाशेजारी असायची, काकूंचा माठ एका अंगाला सरकलेला. हात मात्र दिवसेंदिवस बिघडत चालला होता. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायला लागले. मग त्यांनी सगळ्यांत जाड पेन काढलं आणि त्याच्या पोटावर सुती धागा गुंडाळला, घट्ट, दोऱ्याला दोरा लागून, बोटं घसरू नयेत म्हणून. धागा वडिलांच्या धोट्यातला होता, मागावर इकडून तिकडे धावतो त्या धोट्यातला, इतकी वर्षं जपून ठेवलेला. शेवटची गाठ विणकराची. कुठं मारली ते मला शोधूनही सापडली नाही. इतक्या थरथरत्या हातानं ती कशी बसली, हे विचारायचं राहूनच गेलं.

त्या धाग्यानं काम केलं. जूनमध्ये एका सकाळी त्यांनी मला हाक मारून वर बोलावलं आणि वही पुढे केली. ओळीनं अकरा सह्या, सगळ्या एका आईच्या. मी इतकी खूश झाले की खाली येऊन शिरा केला. जुलै संपेपर्यंत पानावर दोनसुद्धा सारख्या येईनात.

"तू चढून राहिली, मी उतरून राहिलो," ते म्हणाले. "जिना तोच आहे."

"असं बोलायचं नाही, काका. आपण डॉक्टरचं पत्र घेऊ. हाताचा आजार आहे म्हणून लिहून देईल तो."

"अन् त्याखाली तो काय करन?"

"सही."

"ती जुळली पाह्यजे," काका म्हणाले.

याच दिवसांत त्यांनी माझ्या सहीचा पिच्छा धरला. माझी सही रोज वेगळी येते, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. गडबडीत असले की नुसती शेपटी, निवांत असले की पुरं आडनाव. "एक ठरव," म्हणाले. ठरवली. मग तीच शंभरदा काढायची, न दाबता, शेवटच्या रेघेपर्यंत. मला वैताग आला. मी म्हटलं, "तुमच्या सहीचं चाललंय आणि माझ्या का मागे लागले?"

"दोघातून एकाची तं जमू दे."

दसऱ्यानंतर त्यांचा डावा अंगठा निळा दिसायला लागला. रोजच. मी चिडवलं, "काय काका, पेन गळून राहिलं का? मले शिकवता, अन् स्वतःचं पाहा." काका म्हणाले, "गळते कधी कधी." आता सांगते, त्या माणसाचं पेन माझ्या पाहण्यात कधी गळलं नव्हतं. त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता, पण मी चिडवण्यात खूश होते.

नोव्हेंबर आला. काका इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "संध्या, सोबत चाल बँकेत. पेन घेजो. भरून घेजो." काकूंनी त्यांच्या खिशात धुतलेला पांढरा रुमाल घातला आणि मला म्हणाल्या, "सांभाळून आण वं." भिवापूरचा आवाज त्या दिवशी लागला नाही.

मॅडम त्याच होत्या. पोरसवदा, गळ्यात ओळखपत्र, काकांना पाहून उठल्या. फॉर्म पुढे ठेवला आणि तीन सह्यांसाठी कोरा कागद. काकांनी धाग्याचं पेन काढलं, टोपण मागे न लावता टेबलावर ठेवलं आणि पहिली सही केली. वेळ लागला. आमच्या मागच्या एकानं घड्याळ पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, मग त्यानं घड्याळ पाहिलं नाही. सही आली. जुन्या नमुन्यावर ठेवली तर दिसू नये अशी आली. दुसरीत क चं पोट फुटलं. तिसऱ्या सहीची रेघ खाली जायची ती नावातूनच आरपार गेली.

मॅडमनी कागद ओढून घेतला. जुना नमुना शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं. मग काकांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "जुळते, काका. चालते." आणि शिक्का उचलला. माझा जीव भांड्यात पडला. मनातल्या मनात मी त्या पोरीला शंभर वर्षं आयुष्य दिलं.

काकांनी कागदावर बोट ठेवलं.

"मॅडम, जुळत नाही."

"काका, पहिली तर एकदम तंतोतंत आहे."

"पह्यली माझी आहे. बाकीच्या दोन कोणाच्या आहेत, मले माहीत नाही. मी टेबलावर असतो तं परत पाठवला असता."

"काका, त्या हो म्हणून राहिल्या न," मी दात ओठ खाऊन म्हटलं.

"तिले माहीत आहे मी आहे," काका मला म्हणाले. "कागदाले माहीत नाही."

मॅडमनी खणातून जांभळं पॅड काढलं आणि पुढे सरकवलं. काकांनी ते दोन बोटांनी परत सरकवलं, अगदी नम्रपणे, ताटातला नको असलेला पदार्थ सरकवावा तसं.

"अंगठा देतो," ते म्हणाले. "शाई माझी."

शर्टाच्या खिशातून त्यांनी घडी केलेला टिपकागद काढला. निबेनं डाव्या अंगठ्यावर शाई फिरवली, टिपकागदावर दोनदा टेकवली, आणि फॉर्मवर अंगठा ठेवून उचलला. हात थरथरत होता, पण अंगठा ठेवायला तेवढा पुरला. रेघ न् रेघ उमटली होती, कुठे डाग नाही, फराटा नाही. मी ऑफिसात अंगठे घेतलेले आहेत, पहिल्या फटक्यात कोणाचा येत नाही. आणि पेनाच्या शाईचा तर नाहीच, तिचं नुसतं डबकं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात दसऱ्यापासूनचा निळा अंगठा आला. म्हातारा सहीचाही सराव करत होता आणि याचाही, आणि याचा कुणाला पत्ता लागू देत नव्हता. मी बँकेत रडणारी बाई नाही. त्या दिवशी रडले.

"अंगठा ओळखणाऱ्याची सही लागेल," मॅडम म्हणाल्या.

काकांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी डोळे पुसले, पेन काढलं, निब सरळ आहे का पाहिलं आणि सही केली. दाबलं नाही. शेवटच्या रेघेपर्यंत नेली. काका चष्मा वर करून वाकले आणि बघत राहिले, चौतीस वर्षं बघत होते तसंच.

"जुळली," म्हणाले.

"ही शाई टिकेल ना काका?" मॅडमनी विचारलं.

"टिकते. फक्त पाणी लागू देऊ नका."

बाहेर आवारात नळ होता. काकांनी त्याखाली अंगठा धरला. पाणी निळं गेलं, मग फिकं, मग पांढरं. काकूंच्या रुमालाला अंगठा पुसला आणि रुमाल उजेडाकडे धरला, माझी चादर धरली होती तसा. उलटा केला, पुन्हा पाहिला.

"डाग नाही," ते म्हणाले. रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि फाटकाकडे चालायला लागले. चार पावलं गेल्यावर मागे न पाहता विचारलं, "टोपण लावलं का वं?"

"लावलं," मी म्हटलं.

काका फेब्रुवारीत गेले. पुढच्या नोव्हेंबरात त्यांना बँकेत काही सांगायला जावं लागलं नाही.

त्या दिवशी बँकेत टोपण मी लावलं नव्हतं. घरी येऊन पाहिलं तर पर्सच्या अस्तरावर तळहाताएवढा निळा डाग. ती शाई धुतली की जाते, हे मला चांगलं माहीत आहे. मी पर्स धुतलेली नाही.